पासिंग

‘पासिंग’ हा शब्द आमच्या नागपुरात दोन अर्थांनी चालतो. रस्त्याच्या कडेला उभी असलेली अनोळखी मोटार पाहून एखादा विचारतो, “कुठल्या पासिंगची आहे?” त्याला क्रमांकाच्या पाटीवरून गाडीचे गाव जाणून घ्यायचे असते. एमएच ३१ म्हणजे नागपूर शहर, ४० म्हणजे नागपूर ग्रामीण, ४९ म्हणजे पूर्व नागपूर. हाच माणूस दुसऱ्या दिवशी म्हणतो, “गाडी पासिंगला न्यायची आहे,” तेव्हा प्रश्न गावाचा नसतो, प्रकृतीचा असतो. गाडी रस्त्यावर चालवण्यास योग्य आहे की नाही, हे शासनाच्या अधिकाऱ्याकडून तपासून घेण्याचा तो दिवस. शासकीय मराठीत त्या कागदाला ‘योग्यता प्रमाणपत्र’ असे भारदस्त नाव आहे. पण गॅरेजमध्ये, पानठेल्यावर आणि घराघरांत रुळला तो शब्द पासिंगच. ‘पास’ आणि ‘नापास’ हे शब्द आपण शाळेत शिकतो आणि पुढे आयुष्यभर ते कशाकशाला चिकटवत राहतो. ते मोटारीलाही चिकटले याचे मला आश्चर्य वाटत नाही. मला विचारात पाडतात ती गाड्या नापास होण्याची कारणे.

आधी कायदा थोडक्यात पाहू. १९८८ चा मोटार वाहन कायदा आणि १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम यांनी गाड्यांचे दोन वर्ग केले आहेत. भाड्याने चालणाऱ्या गाड्यांना, म्हणजे टॅक्सी, रिक्षा, बस, ट्रक यांना, आठ वर्षांच्या वयापर्यंत दोन-दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी तपासणीस जावे लागते. घरगुती मोटारीला पहिली पंधरा वर्षे हा प्रसंग येत नाही; पंधराव्या वर्षी नोंदणीची मुदत संपते, गाडी तपासली जाते आणि योग्य ठरली तर पाच वर्षांचे आयुष्य वाढवून मिळते. या नूतनीकरणाचे शुल्क मोटारीसाठी पूर्वी ६०० रुपये होते; १ एप्रिल २०२२ पासून ते ५,००० रुपये झाले. म्हणजे तपासणीची खरी झळ लागते ती जुनी गाडी विकत घेणाऱ्याला. नवी गाडी घेणारा बहुधा ती पंधरा वर्षांची होण्यापूर्वीच विकून मोकळा होतो. ज्याने ती बाराव्या-तेराव्या वर्षी दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाताने घेतली, मुलीच्या कॉलेजसाठी, आईच्या दवाखान्यासाठी किंवा पोटापाण्यासाठी, तो त्या आवारात रांगेत उभा राहतो.

या रांगेत उभ्या असलेल्या गाड्यांचे काय तपासतात? नियम ६२ खाली एक तक्ता दिलेला आहे. हेडलाइटचा झोत, इतर दिवे, परावर्तक, मागचे पाहण्याचे आरसे, काचा, हॉर्न, सायलेन्सर, वायपर, धूर, ब्रेक, वेगमापक, स्टिअरिंग अशी ती यादी चालते. ही यादी मी प्रथम वाचली तेव्हा तिच्यात काय आहे यापेक्षा काय नाही, याकडे माझे लक्ष गेले. तिच्यात एसी नाही. गाणी ऐकण्याचे यंत्र नाही. आसनांची गादी मऊ आहे की नाही, रंग चकाकतो की नाही, गाडी लिटरला किती किलोमीटर देते, यांपैकी काहीच नाही. गाडी मालकाला किती सुख देते, याच्याशी तपासणीला कर्तव्य नाही. गाडी बाहेरच्या माणसाला काय देते, एवढेच ती विचारते. आणि नागपूरच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या जुन्या गाड्यांकडे पाहिले तर असे दिसते, की एसी बंद पडलेली गाडी मे महिन्यात एक दिवसही तशी राहत नाही, आणि मागचा दिवा गेलेली गाडी मात्र महिनोन्महिने तशीच फिरते.

दिव्यांचेच घ्या. तपासणीत गाडी परत पाठवण्याचे सर्वांत साधे आणि सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे न लागणारा एखादा दिवा. ब्रेक दाबल्यावर लागणारा लाल दिवा, वळण दाखवणारा पिवळा दिवा, क्रमांकाच्या पाटीवरचा लहानसा पांढरा दिवा. बल्बची किंमत किरकोळ असते आणि तो बदलायला काही मिनिटे पुरतात. तरीही तो बदललेला नसतो, कारण चालकाच्या आसनावरून तो दिसतच नाही. दिव्याखाली अंधार ही म्हण आपण माणसांना लावतो. मोटारीला ती शब्दशः लागू पडते. ब्रेकचा दिवा ही आपण मागच्या माणसाशी बोललेली भाषा आहे. आपण बोलत आहोत अशी आपली समजूत असते आणि मागच्याला काहीच ऐकू जात नाही.

हेडलाइटची कथा याच्या उलट आहे. तो लागतो, परंतु नको तिकडे. एका बाजूचा झोत रस्त्यावर पडतो आणि दुसऱ्या बाजूचा समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत. कधी पूर्वीच्या अपघातात दिव्याची बैठक वाकलेली असते, कधी जुन्या हॅलोजन दिव्याच्या घरात प्रखर एलईडी बल्ब बसवलेला असतो. त्या घरातील परावर्तकाची घडण हॅलोजनच्या तारेसाठी केलेली असल्याने नव्या बल्बचा प्रकाश फुटून सर्वत्र पसरतो. चालकाला वाटते, वा, काय उजेड आहे! काटोल रस्त्यावर रात्री समोरून संत्र्यांची गाडी घेऊन येणाऱ्याला काही क्षण काहीच दिसत नाही. तपासणीत असा झोत नामंजूर होतो. मालक तक्रार करतो, “दिवा तर नवीन आहे!” दिवा नवीन असतो हे खरेच.

धूर, हॉर्न आणि काळ्या काचा यांचाही गोत्रसंबंध हाच. धूर आपल्या मागे जातो. तो गिळणारा दुचाकीस्वार आरशातही नीट दिसत नाही. डिझेल गाडीच्या धुराची घनता हार्ट्रिज एककांत मोजतात. भारत स्टेज चारपूर्वीच्या गाड्यांना ६५ एककांची मर्यादा आहे, त्यापुढच्यांना ५० ची. साचलेला एअर फिल्टर किंवा झिजलेले इंजेक्टर एवढ्या कारणानेही गाडी ही मर्यादा ओलांडते. काचांवरील काळ्या फिल्मबाबत सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी स्पष्ट निर्णय दिला. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे हा नियम होताच. वरून फिल्म चिकटवण्यास न्यायालयाने मनाई केली. तरी विदर्भाच्या उन्हाचे कारण सांगून ती आजही चिकटवली जाते. काळ्या काचेआड बसलेला माणूस सुखी असतो, यात शंका नाही. परंतु संध्याकाळच्या वेळी बाजूने येणारी सायकल त्याला उशिरा दिसते.

विम्याच्या बाबतीतही कायद्याने हीच दृष्टी ठेवली आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा काढावा की नाही, हे मालकाच्या मर्जीवर आहे. सक्ती आहे ती तृतीय पक्षाच्या विम्याची, म्हणजे आपल्या गाडीमुळे ज्याला इजा होईल त्याच्या भरपाईची. मुदत संपलेला विमा हे जुन्या गाड्या परत जाण्याचे आणखी एक कारण असते. स्वतःच्या लाभाचा हप्ता लोक लक्षात ठेवतात. परक्याच्या लाभाचा विसरतात. यादीतील हा धागा एकदा हाती लागला, की कारणे सुटी सुटी राहत नाहीत.

तथापि सगळीच कारणे परक्याशी संबंधित नाहीत. ब्रेक आणि स्टिअरिंग यांवर चालकाचा स्वतःचा जीव अवलंबून असतो. मग त्यांत दोष राहतोच कसा? याचे उत्तर सवयीत आहे. ब्रेकचे लायनर एका दिवसात झिजत नाहीत. पायटा रोज केसाएवढा अधिक खाली जातो आणि पाय तेवढाच अधिक दाबायला शिकतो. ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषून घेते. दोन-तीन वर्षांत त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. शहरात हे जाणवत नाही. चिखलदऱ्याच्या घाटातून उतरताना ब्रेक तापले, की त्या तेलात वाफेचे बुडबुडे होतात आणि पायटा रिकामा जातो. स्टिअरिंगचे चाक एका बाजूस वळवल्यावर पुढची चाके वळण्यापूर्वी जी मोकळीक जाणवते, ती टायरॉड आणि बॉल जॉइंट झिजल्याने वाढत जाते. मालकाचे हात ती मोकळीक नकळत भरून काढतात. म्हणूनच जुनी गाडी चालवायला दिलेला पाहुणा पहिल्याच वळणावर घाबरतो आणि मालक म्हणतो, “अशीच आहे ती, सवय होते.”

हँडब्रेकचे दुखणे तर खास आमच्या गावचे म्हणता येईल. सेमिनरी हिल्सचा चढ सोडला तर नागपूर बहुतेक सपाट. गाडी उभी केली की गिअरमध्ये टाकून लोक निघून जातात. हँडब्रेक ओढण्याची गरज पडत नाही. न वापरलेली तार आतल्या आत गंजते, आणि तपासणीच्या दिवशी ओढली की एकतर गाडीला धरत नाही किंवा धरल्यावर सोडत नाही. वस्तू वापरून झिजतात हे सर्वांना ठाऊक असते. न वापरून बिघडणाऱ्या वस्तूंकडे कोणाचे लक्ष जात नाही.

वायपर याच जातीचा. आमच्याकडे पावसाळा सरला की वायपर सात-आठ महिने काचेवर निजून असतो. मधल्या काळात उन्हाळा येतो. पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तापलेल्या काचेला चिकटलेले रबर कडक होते, त्याला भेगा पडतात. मग जूनच्या पहिल्या सरीत तो काच पुसण्याऐवजी ओरखडतो, आणि चालकाला समोर रस्त्याऐवजी पाण्याचे फराटे दिसतात. हेच ऊन हेडलाइटच्या प्लॅस्टिकला पिवळे करते आणि टायरच्या बाजूंना बारीक चिरा पाडते.

टायरबद्दल थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. मोटारीच्या टायरवरील खाचा किमान १.६ मिलिमीटर खोल असाव्यात असा नियम आहे. ते मोजायला उपकरणाची गरज नाही. खाचांच्या तळाशी रबराचे लहान आडवे उंचवटे मुद्दाम ठेवलेले असतात. टायर झिजून या उंचवट्यांच्या पातळीला आला, की त्याचे आयुष्य संपले. टायरच्या बाजूवर चार आकडेही कोरलेले असतात: ‘२३१९’ असे असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. जुन्या गाड्या विकताना कित्येकदा टायरला काळे पॉलिश लावलेले असते. पॉलिशखाली हे आकडे मात्र तसेच राहतात, आणि वाचणाऱ्याशी खोटे बोलत नाहीत. चाकांची समरेषा बिघडलेली असेल तर टायर आतल्या कडेने झिजतो. बाहेरून पाहणाऱ्याला तो धडधाकट दिसतो. आतली कड तळहातासारखी गुळगुळीत झालेली असते.

नागपूरकरांना या गोष्टीची जाणीव समृद्धी महामार्गाने अधिक तीव्रतेने करून दिली. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि शहरात ताशी ४० किलोमीटरने हिंडणाऱ्या गाड्या अचानक १२० च्या वेगमर्यादेच्या रस्त्यावर आल्या. वेग तिप्पट झाला की गतीमधील ऊर्जा नऊपट होते. हे शाळेतले गणित त्या काँक्रीटवर जीवघेणे ठरले. टायर फुटून झालेल्या अपघातांनंतर २०२३ मध्ये परिवहन विभागाने महामार्गाच्या तोंडाशीच टायर तपासून गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली. कार्यालयाच्या आवारातील तपासणी अशी रस्त्यावर आली. शहरात जो टायर अजून सहा महिने चालेल असे वाटते, तो तिथे त्याच सकाळी चालेनासा होतो.

जुन्या गाडीच्या नापास होण्याचा तिसरा भाग तिच्या भूतकाळात असतो. विकत घेणाऱ्याला गाडीसोबत आधीच्या मालकाचे वागणेही मिळते. तपासणीत चेसिसवरील क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासून त्याची छाप घेतात. तो भाग गंजला असेल किंवा अपघातानंतर पत्रा बदलताना घासला गेला असेल, तर अक्षरे उमटत नाहीत आणि ही गाडी तीच आहे हे सिद्ध करणे कठीण होते. कुठे आधीच्या मालकाने रंग बदललेला असतो आणि नोंदणीपुस्तकात जुनाच रंग राहिलेला असतो. कुठे कर्ज फिटलेले असते, पण नमुना ३५ भरून बँकेची नोंद कमी केलेली नसते. कुठे नमुना २९ आणि ३० वर सह्या होऊनही हस्तांतरणच झालेले नसते, आणि गाडी कागदावर अजून अशा माणसाची असते, जो गाव सोडून गेला आहे. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते. ती शेवटची केव्हा झाली, हे नव्या मालकाला ठाऊकच नसते. घर विकत घेताना आपण सातबारा पाहतो, शेजाऱ्यांना विचारतो. गाडी विकत घेताना मात्र रंग पाहतो आणि हॉर्न वाजवून पाहतो.

हे सगळे मला पुस्तकातून कळले असते तर त्याला पुस्तकाइतकेच वजन राहिले असते. आमच्या वस्तीत एक टॅक्सीचालक राहतात. सगळे त्यांना दादा म्हणतात. त्यांनी अकरा वर्षांची डिझेल गाडी दुसऱ्या व्यावसायिकाकडून घेतली. पिवळ्या पाटीची गाडी, आठ वर्षांहून जुनी, म्हणून दरवर्षी तपासणी. रामटेक, शेगाव, ताडोबा अशी भाडी ते करतात. पण त्यांच्या मिळकतीचा पाया म्हणजे एक आजारी बाई, ज्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी नेऊन आणायचे असते. गेल्या वर्षी मे महिन्यात ते मला म्हणाले, “सर, चालता का सोबत? कागद तेवढे पाहून देजा.” मी गेलो.

आवारात बाभळीच्या अर्ध्या सावलीत गाड्या उभ्या होत्या. मोटार वाहन निरीक्षक बाई तरुण होत्या, मोजक्या बोलणाऱ्या. त्यांनी दिवे लावायला सांगितले, गाडीला फेरी घातली आणि मागे उभ्या राहून म्हणाल्या, “ब्रेक दाबा. डावा लागत नाही.” दादा खिडकीतून डोके काढून म्हणाले, “कालपर्यंत लागत होता मॅडम.” बाईंनी शांतपणे विचारले, “काल कोणी पाहिला?” या प्रश्नाला दादांजवळ उत्तर नव्हते. माझ्याजवळही नव्हते. मग त्यांनी स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवून पाहिले, खाली वाकून पुढच्या उजव्या टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवला आणि कागदावर तीन ओळी लिहिल्या. गाडी नापास झाली होती.

फाटकाबाहेर अशा माणसांची सोय करणारी एक दुनिया असते. तिथे एका दिवसापुरते चांगले टायर भाड्याने मिळतात, अग्निशामक नळकांडे मिळते, प्रथमोपचाराची पेटीही मिळते. ‘पासिंगपुरते’ हा शब्द मी तिथे ऐकला. एकाने दादांना भाव सांगितला. नव्या दोन टायरच्या किमतीपुढे तो काहीच नव्हता. टायर, टायरॉडचे काम आणि गाडी उभी राहिल्याने बुडणारी चार दिवसांची भाडी, हा हिशेब दादांनी मनात केला असावा. त्यांचे ओठ हलताना मला दिसले. मी त्यांना काही सुचवले नाही. घर माझे चालणार नव्हते, त्यांचे चालणार होते. थोड्या वेळाने ते त्या माणसाला म्हणाले, “टायर त संध्याकाळी वापस द्यावं लागते ना भाऊ. अन् पेशंट उद्या सकाळी नेयाचा आहे.” एवढे बोलून ते गाडीत बसले. त्या आठवड्यात त्यांच्या मेव्हण्याच्या रिक्षाने त्या बाईंना दवाखान्यात नेले आणि दादांनी टायरसाठी भिशीतून उचल घेतली. यात त्यांना मोठेपणा वाटला नाही. पैसे गेल्याचे दुःखच वाटले, आणि ते त्यांनी बरेच दिवस बोलूनही दाखवले.

तपासणीची पद्धतही आता बदलत आहे. ब्रेकची खरी परीक्षा गाडी पळवूनच होते. त्यासाठी २५० मीटर लांबीचा मार्ग नसेल तिथे योग्यता तपासणी होऊ नये, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेत घेतली होती. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्र शासनाने स्वयंचलित चाचणी केंद्रांचे नियम काढले. तेथे चाके फिरत्या रुळांवर ठेवून डाव्या-उजव्या ब्रेकमधील फरक यंत्र मोजते, झोताची दिशा यंत्र पाहते, धूर यंत्र हुंगते. माणसाच्या नजरेतून सुटणारे दोष यंत्रातून सुटणार नाहीत आणि यंत्राला ओळख सांगता येणार नाही, हा त्याचा मोठा गुण. पण यंत्रालाही गाडी एकच दिवस भेटते. उरलेल्या ३६४ दिवसांची तपासणी कोणत्याही नियमात बसवता येत नाही.

आपल्यापैकी अनेक जण नोकरी, शेती, घर सांभाळून वयाच्या तिशी-चाळिशीत पुन्हा परीक्षेला बसत आहेत. पास-नापास या शब्दांचा काटा त्यांना वेगळा सांगायला नको. परीक्षेत नापास झालेल्याचे नुकसान बहुतांशी त्याचे स्वतःचे असते, आणि तो पुन्हा बसू शकतो. गाडीचे तसे नाही. आवारात नापास झालेली गाडी दुरुस्त होऊन परत येते; चुकीने पास झालेली गाडी रस्त्यावर नापास होते आणि तेव्हा तिच्या निकालाची किंमत भलताच कोणी देतो. म्हणून नापासाचा शेरा मिळण्यासाठी ते धुळीचे आवार हीच सर्वांत स्वस्त जागा आहे. निरीक्षक बाईंनी लिहिलेल्या त्या तीन ओळी मला पुढे कधी अपमानाच्या वाटल्या नाहीत. गाडी रोज पाहणाऱ्याला जे दिसत नव्हते, ते एका परक्या माणसाने पाहून लिहून दिले होते.

आणि परक्या नजरेची ही गरज वर्षातून एकदाच भागवावी असे थोडेच आहे? ब्रेकचा दिवा ही मोटारीतील फार शहाणी वस्तू आहे, कारण तो तपासायला दोन माणसे लागतात. एकाने आत बसून पायटा दाबायचा, दुसऱ्याने मागे उभे राहून सांगायचे. सोबतीला कोणी नसेल तर रात्री गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करावी. भिंतीवर दोन्ही लाल ठिपके उमटतात की नाही, हे आरशात दिसते. पण घरात एखादे मूल असेल तर त्यालाच बोलवावे. मुलांना हे काम आवडते. ती मागे जाऊन उभी राहतात आणि मोठ्याने ओरडून सांगतात, “लागला! उजवापण लागला!” त्या लाल उजेडाचा आपल्याला स्वतःला काही उपयोग नाही. तो मागून येणाऱ्या माणसासाठी लावलेला आहे.